अंगावरची बाकी

मुरबाडहून माळशेजच्या वाटेला लागलं की टोकावड्याच्या पुढे वैशाखरे येतं. तिथून जंगलातून चढत गेलेली पायवाट नाणेघाटाच्या खिंडीत निघते. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, आणि खिंडीच्या तोंडाशी एक भलामोठा दगडी रांजण. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल जुन्नर-पैठणकडे नेणारे तांडे याच वाटेनं जात आणि जकातीची नाणी या रांजणात पडत, असं परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

रांजणात खरंच जकात पडत होती की पाणी भरलं जात होतं, हा वाद इतिहासकारांवर सोडू. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. ‘भांडवल’ या शब्दाच्या पोटात भांडंच आहे. संस्कृतात ‘भाण्ड’ म्हणजे भांडं, आणि भांड्यातून-गोणीतून वाहून नेला जाणारा व्यापाऱ्याचा मालही. अमरकोश या शब्दाचे तीन अर्थ देतो: घोड्याचा साज, पात्र आणि वाण्याचं मूळ धन. त्याच मुळापासून भांडार आलं, भांडारगृह आलं, आणि मराठीत भांडवल. कन्नडमध्येही तोच शब्द ‘बंडवाळ’ म्हणून नांदतो. म्हणजे आपल्याकडे भांडवलाची पहिली ओळख ‘साठा’ अशी झाली: कशात तरी भरून ठेवलेलं, झाकण लावता येईल असं काहीतरी. साठा म्हटला की तो कुणाचा आणि झाकण कुणाच्या हातात, हे प्रश्न मागोमाग येतात. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत या प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या शब्दांनी दिली गेली. त्या शब्दांचा हा मागोवा.

डोकी, गाठ आणि वाढ

नाणेघाटच्या लेखात राजघराण्यानं केलेल्या यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येकापुढे दक्षिणा मांडलेली आहे: गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नावाची नाणी. दक्षिणेचे आकडे अंकांत कोरलेले आहेत, आणि भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांमध्ये त्यांची गणना होते. गाय आणि नाणं इथं एकाच यादीत बसतात. जिवंत जनावर आणि धातूचा तुकडा, दोन्ही मोजायची गोष्ट.

युरोपातही हिशोब जनावरापासूनच सुरू झाला. ‘कॅपिटल’चं मूळ लॅटिन ‘कापुत’, म्हणजे डोकं. गुरं डोक्यावर मोजली जात. इंग्रजीतला गुरांसाठीचा ‘कॅटल’ आणि जंगम मालमत्तेसाठीचा ‘चॅटल’ हे दोन्ही शब्द ‘कॅपिटल’चे सख्खे भाऊ. लॅटिनमध्ये पैशाला ‘पेकुनिया’ म्हणत, ते ‘पेकुस’ म्हणजे गुरं यावरून. आणि हा ‘पेकुस’ आपल्या ‘पशु’चाच दूरचा नातलग. मुरबाड तालुक्यात म्हशाला पौष पौर्णिमेपासून जत्रा भरते. तिथल्या बैलबाजारात हे नातं सांगायला कोशाची गरज पडत नाही. भात खळ्यावरून घरात आलेलं असतं, हातात चार पैसे असतात, आणि हेडे बैलाचे दात बघत, पाठीवर थाप मारत किंमत ठरवतात. सौदा पटला की बयाणा द्यायचा. हा ‘बयाणा’ लक्षात ठेवा, पुढे तो माणसाच्या हातावर पडणार आहे.

मूळ धनासाठी अमरकोशात आणखी एक शब्द आहे, ‘नीवी’. त्याचाच दुसरा अर्थ कमरेच्या वस्त्राची गाठ. कनवटीला पैसे लावायची सवय किती जुनी आहे, हे यावरून कळतं. शहापूरवरून कसारा आणि थळ घाट चढून वर गेलं की नाशिक, आणि नाशिकच्या पांडवलेण्यांत हा शब्द दगडात सापडतो. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात यानं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला भिक्षूंसाठी 3,000 कार्षापणांची ‘अक्षय नीवी’ ठेवली. मुद्दल कधीच परत मागायचं नाही, फक्त वाढ खायची. रक्कम ठेवली ती गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. 2,000 कार्षापण दरमहा शेकडा एक दरानं, 1,000 दरमहा शेकडा पाऊण दरानं. वर्षाचा हिशोब केला तर 12 टक्के आणि 9 टक्के. व्याजासाठी लेखातला प्राकृत शब्द आहे ‘वढि’, म्हणजे वृद्धी, वाढ.

ही ‘वढि’ मेली नाही. कोकणातल्या आणि घाटावरच्या सावकारीत ती ‘वाढीदिढी’ या जोडशब्दात जिवंत राहिली. शब्दाचं घराणं तेच, दर मात्र भलताच. उषवदाताकडून पैसे घेणारे विणकर संघटित होते. त्यांची श्रेणी होती, नगरसभेत त्या ठेवीची नोंद होत होती. वाढीदिढीनं धान्य घेणारा एकटा होता, उपाशी होता आणि त्याची नोंद फक्त देणाऱ्याच्या वहीत होती. वाढ किती हे पैशाच्या स्वभावावर ठरत नाही, घेणाऱ्याच्या पाठीशी कोण आहे यावर ठरतं.

वाद आणि शाही

‘कॅपिटॅलिझम’ हा शब्द मुळात तरुण. फ्रान्समध्ये लुई ब्लाँनं तो 1850च्या सुमारास आजच्या अर्थाच्या जवळ नेऊन वापरला, इंग्रजीत थॅकरेच्या कादंबरीत तो त्याच दशकात येतो. मार्क्सच्या 1867च्या ग्रंथाचं नाव ‘कापिटाल’ आहे. व्यवस्थेचं नाव म्हणून हा शब्द रुळला तो वेर्नर झोम्बार्टच्या 1902च्या पुस्तकानंतर.

भारतीय भाषांनी तो आपापल्या परीनं घेतला. हिंदीत पूंजीवाद झाला, गुजरातीत मूडीवाद. ‘वाद’ लावला की एक मत उभं राहतं: कुणी मानतो, कुणी मानत नाही. मराठीनं मात्र समाजवाद आणि साम्यवाद यांना ‘वाद’ दिला आणि भांडवलाला ‘शाही’ दिली. निजामशाही, आदिलशाही, सरंजामशाही, नोकरशाही, हुकूमशाही, लोकशाही या रांगेत भांडवलशाही बसली. ‘वाद’ विचारतो, तुमचं म्हणणं काय? ‘शाही’ विचारते, इथं राज्य कुणाचं? कन्नडनंही ‘बंडवाळशाही’ म्हटलं. मराठी माणसाला भांडवलशाही शिकवताना आधी सिद्धान्त सांगावा लागत नाही. ती सत्ता आहे, हे शब्दच सांगून टाकतो.

या शहाणपणाची एक किंमत आहे. शाही म्हटली की डोळे शहा शोधतात. गादीवर बसलेला कुणी दिसला पाहिजे. सत्यशोधकांनी ‘शेटजी-भटजी’ हा जोड रूढ केला तेव्हा तो शहा समोर होता, त्याला पेढी होती, वही होती, चेहरा होता. शहापूर-मुरबाडच्या गावांत त्याचं नाव होतं सावकार.

साव आणि कूळ

‘सावकार’ हा ‘साधुकार’चा वंशज. साधु, साहु, साव, अशी ती घसरण. संस्कृतातही ‘साधु’चा एक अर्थ व्यापारी, धनको असा दिला जातो. मराठीत आजही साव म्हणजे प्रामाणिक, चोराच्या उलट. म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या नावातच त्याच्या चारित्र्याचा दाखला. त्याच्यापुढे उभा राहणारा कोण? ‘कूळ’. कूळ म्हणजे घराणं, कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, आणि सावकाराच्या बोलीत कूळ म्हणजे देणेकरी. एका माणसाला दिलेलं कर्ज आख्ख्या घराण्याच्या नावावर बसतं, हे त्या शब्दानं करारापूर्वीच ठरवून टाकलं.

बाकीची शब्दसंपदाही अशीच देणाऱ्याच्या ओटीवर वाढलेली. ‘उधार’ हा ‘उद्धार’चा सख्खा. ‘तारण’ म्हणजे तारणारं, पण तरतो तो सावकार. कुळाची जमीन किंवा कांबी-वाळे त्याच्याकडे जातात. ‘व्याज’ तेवढं खरं बोलून जातं. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. व्याजस्तुती म्हणतो ती त्याच अर्थानं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘व्याजी’ नावाची एक वरकड वसुली आहे, मापातल्या फरकाच्या नावाखाली घेतली जाणारी. बहाण्यापासून वसुलीपर्यंतचा हा प्रवास फार लांबचा नाही.

आता एक हिशोब जवळून पाहू. या पट्ट्यात भात हे एकच मोठं पीक; वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. आषाढात कणगी रिकामी होते. नेमकी तेव्हाच लावणी असते, अंगमेहनत सर्वांत जास्त असते आणि पोटात घालायला सर्वांत कमी. त्या दिवसांत सावकाराकडून आणलेलं धान्य म्हणजे ‘खावटी’. दर दिढीचा. बारा पायल्यांचा एक मण. आषाढात एक मण आणला की मार्गशीर्षात खळ्यावरच अठरा पायल्या मोजून द्यायच्या. सहा महिन्यांत निम्म्याची भर. पाऊस दगा देऊन गेला तर अठरा हेच नवं मुद्दल, पुढच्या साली सत्तावीस. त्याच्या पुढच्या साली साडेचाळीस पायल्या, म्हणजे तीन मण आणि वर साडेचार पायल्या. एक मण खाल्ला होता. शिवाय देताना सावकाराची पायली शीग लावून नसायची आणि घेताना असायची, ही तक्रार गावोगावची. ‘मापात पाप’ ही म्हण उगाच रुळलेली नाही.

याला लगाम घालणारा नियम नव्हता असं नाही. दामदुप्पट नावाचा जुना हिंदू कायदा मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांनीही मानला: एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये. दाम दुप्पट झाला की थांबा. (हा ‘दाम’ संस्कृत ‘द्रम्म’वरून, आणि द्रम्म ग्रीकांच्या ‘द्राख्मे’वरून, नाणी घाट चढून आली तसे शब्दही आले.) पण याच नियमाचं मनुस्मृतीतलं रूप वाचलं की डोळे उघडतात. पैशाच्या कर्जाला दुपटीची मर्यादा, आणि धान्य, फळं, लोकर, ओझ्याची जनावरं यांच्या कर्जाला पाचपटीची. पैसा उसना घेणारा बहुधा व्यापारी असतो, धान्य उसनं घेणारा भुकेला. शास्त्रानं भुकेल्याची मर्यादा अधिक सैल ठेवली.

पुढे ‘दामदुप्पट’चं नशीबच फिरलं. कर्जदाराचं संरक्षण करणारा हा शब्द विसाव्या शतकात ठेवीदाराला भुलवणारी जाहिरात झाला. अमुक वर्षांत दामदुप्पट! छत होतं ते आमिष झालं, आणि मधल्या काळात शब्दाचं एक अक्षरही बदललं नाही.

मालावरून पडलेलं नाव

सावकाराच्या वहीबाहेरही या दोन तालुक्यांत भांडवल आलं, ते जंगलात आणि रुळांवरून. मुंबई-ठाणे रेल्वे 1853 साली धावली, पुढच्या काही वर्षांत रूळ वासिंद, आसनगाव, कसारा करत सरकले आणि 1865 साली थळ घाट चढून इगतपुरीला पोचले. स्लीपरला लाकूड, इंजिनाला आणि शहराला जळण. 1878च्या वनकायद्यानं जंगल राखीव झालं आणि ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी यांचं रोजचं जगणं परवान्याचा विषय बनलं. डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी कसलेल्या तुकड्यांना लोक ‘दळी’ म्हणत. दप्तरात त्यांची नोंद ‘अतिक्रमण’ अशी होत गेली. 2006च्या वनहक्क कायद्यानं त्याच तुकड्याला ‘हक्क’ म्हटलं. जमीन तीच, कसणारा तोच, तीन शब्दांत तीन प्रकारची माणसं: शेतकरी, चोर, हक्कदार.

कातकऱ्यांची कथा नावातच सुरू होते. खैराच्या झाडापासून काथ काढणारे म्हणून काथोडी, कातकरी. जंगल राखीव झालं, खैर तोडणं गुन्हा ठरला, काथ गेला. जातीला मालाचं नाव मात्र चिकटून राहिलं. नंतर ठेकेदारांसाठी कोळशाच्या भट्ट्या लावल्या. जंगलतोडीवर बंधनं आली तेव्हा कोळसाही गेला. मग उरली वीटभट्टी.

दिवाळी झाली, भातकापणी आटोपली की शहापूर-मुरबाडच्या कातकरीवाड्या रिकाम्या होतात. भिवंडी, कल्याण, पनवेलच्या बाजूला भट्ट्यांवर जोडपी जातात, पोरंबाळं सोबत. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, मालक किंवा त्याचा मुकादम वाडीत येऊन पैसे देऊन गेलेला असतो. त्या पैशाला उचल म्हणतात, बयाणाही म्हणतात. बयाणाच्या मुळाशी अरबी ‘बय’ आहे, म्हणजे विक्री. म्हशाच्या बाजारात बैलावर जो पडतो तोच हा शब्द. सौदा होण्याआधी दिलेली पक्की रक्कम, म्हणजे माल आता दुसऱ्याला दाखवायचा नाही.

भट्टीवर विटा हजारावर मोजतात. आठवड्याच्या बाजाराला ‘खर्ची’ मिळते, तेल-मीठ-तांदळापुरती. अवकाळी पावसानं कच्च्या विटा विरघळल्या तर त्या हजारात धरायच्या की नाही, हे ठरवणारा मालक. औषधाचे पैसे वहीत चढतात. मे-जूनमध्ये हिशोब होतो: इतके हजार विटा, त्यातून उचल वजा, खर्ची वजा, दवाखाना वजा. काही उरलं तर हातात. नाही तर वहीतली रक्कम वाचून दाखवली जाते, आणि माणूस वाडीत परत येऊन सांगतो, ‘एवढे अंगावर राहिले.’

अंगावर. कर्ज खात्यावर असतं, नावावर असतं, सातबाऱ्यावर असतं. ज्याच्यापाशी यांतलं काहीच नाही त्याचं कर्ज अंगावर असतं, कारण फेडायला दुसरं काही नाही. लॅटिननं भांडवलाला डोकं म्हटलं. इकडे देण्याला अंग म्हटलं गेलं. या सगळ्या शब्दसंग्रहाची खोट इथं दिसते. देणाऱ्यानं दिलं त्याला डझनभर नावं आहेत: खावटी, उचल, बयाणा, खर्ची, उधार. घेणाऱ्यानं दिलं त्याला, म्हणजे सहा महिन्यांच्या जोडप्याच्या मेहनतीला, वहीत स्वतःचं नाव नाही. ती फक्त वजाबाकीत दिसते. ‘फिटलं’ किंवा ‘नाही फिटलं’ एवढ्याच क्रियापदावर तिची बोळवण होते. शब्द वाचले तर वाटतं, मालक देतच राहिला आणि मजूर घेतच राहिला.

कोठी, खावटी, अनुदान

हे उलटवायचे प्रयत्न झाले, आणि प्रत्येकानं आपला शब्द आणला. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचं नाव आज सिद्धगडाशी जोडलं जातं. मुरबाड तालुक्यातल्या त्या जंगलात 2 जानेवारी 1943 रोजी पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याचे विजेचे मनोरे पाडण्याचे पराक्रम सांगितले जातात; त्याआधीचं एक काम कमी सांगितलं जातं. सावकाराच्या दिढीतून शेतकरी-आदिवासी सुटावा म्हणून त्यांनी धान्यकोठी काढली. धान्य सुगीत जमा करायचं, आषाढात ज्याला लागेल त्यानं न्यायचं. सावकाराकडेही धान्यच होतं. कोठीत फरक पडला तो झाकण कुणाच्या हातात याचा.

दोनच वर्षांनी, जानेवारी 1945 मध्ये, या तालुक्यांच्या वेशीवर टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची स्थापना परिषद भरली, आणि त्या वर्षी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेला, डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. लग्नासाठी कर्ज काढून नवराबायकोनं सावकाराकडे राबत राहायचं, अशा माणसाला तिकडे ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती कहाणी लिहिली. 1948चा कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला, आणि कसणारं कूळ कायद्यानं मालक मानलं गेलं. ज्यांची नावं पीकपाहणीत होती त्यांना जमिनी मिळाल्या. ज्यांचं नाव कुठंच नव्हतं, ते अंगावर घेणारेच राहिले.

खावटी हा शब्द सरकारनंही उचलला. 1978 पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत ‘खावटी कर्ज’ योजना सुरू झाली. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी काही धान्य, काही रोख. सावकाराच्या जागी महामंडळ आलं, दिढी गेली, पण आषाढातलं पोट भरणं हे अजून कर्जच होतं. 2013-14 नंतर योजना थांबली. टाळेबंदीच्या वर्षात, 2020 साली, ती परत आणताना राज्य सरकारनं तिचं नाव बदललं: ‘खावटी अनुदान’. सुमारे साडेअकरा लाख कुटुंबांना प्रत्येकी 4,000 रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपात, एका वर्षासाठी. कर्ज या दोन अक्षरांच्या जागी अनुदान आलं तेव्हा परतफेडीचा रकाना गळाला. एवढ्या मोठ्या शब्दबदलाचं मोल एका हंगामापुरतं राहिलं, हा भाग वेगळा.

गुंतवणूक

आता सावकार गावात पूर्वीसारखा दिसत नाही. 2014 साली राज्यात सावकारीचा नवा कायदा झाला. परवाना, दर, नोंदी, सगळं त्यात आहे. वाडीत आता बाई ‘ग्रुप लोन’ काढते. त्याचा हप्ता आठवड्याला. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात, ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा. मराठीत हप्ता आधी फेडीचा झाला, मग शहरात खंडणीचा झाला, आणि आता ग्रुप लोनबरोबर फिरून आपल्या मूळ सात दिवसांवर आला. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या बायकांनी भरायचा. ‘कूळ’ या शब्दात जे होतं, एकाचं देणं सगळ्यांवर, ते इथं गटाच्या नावानं परत आलं. शहा मात्र कुठं दिसत नाही. वसुलीला येतो तो मोटरसायकलवरचा पगारी पोरगा, बहुतेक वेळा शेजारच्याच तालुक्यातला.

रस्त्यावर दुसरा शब्द दिसतो. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तो शहापूर तालुक्यातूनच उतरतो. मुरबाड रस्त्याला आणि खर्डी-आटगावच्या बाजूला फार्महाऊस प्लॉटचे फलक आहेत: गुंतवणुकीची सुवर्णसंधी. ‘गुंतवणूक’ हा शब्द गुंतण्यापासून झालेला. इंग्रजीतला ‘इन्व्हेस्ट’ मुळात कपडे चढवणं. मराठीतला पैसा गुंततो, अडकतो. फलक ज्याच्यासाठी आहे त्याचा पैसा गुंतून वाढतो. ज्याची जमीन गेली त्याचा पैसा घरात आणि लग्नात जातो, आणि काही वर्षांनी त्याच प्लॉटच्या फाटकावर त्याच्या घरातला एखादा वॉचमन होतो. शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातं, भातसाचंही जातं, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांना टँकर लागतो. इथली जमीन, पाणी, माणसं दुसऱ्याच्या भांड्यात भरली जाण्याची ही रीत नवी नाही. बदललं ते एवढंच की दोष द्यायला गादीवर कुणी बसलेलं सापडत नाही, आणि ‘शाही’ शिकवणाऱ्या भाषेची तिथं पंचाईत होते.

पंचनाम्यातला शब्द

म्हणून शेवटी एका अशा शब्दाकडे येतो, ज्याला शहा शोधावा लागत नाही. ‘वेठबिगार’. वेठ संस्कृत ‘विष्टि’वरून, बिगार फारसी ‘बेगार’वरून, फुकट राबवणं सांगायला दोन राजवटींचे दोन शब्द एकत्र जुंपले. संविधानाच्या 23व्या कलमानं ती प्रथा बंद केली. 1976च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं व्याख्या करताना देशभरची नावं गोळा केली: आदियामार, बारामासिया, जीथा, कमिया, पालेरू, सागरी, वेट्टी, अशी तीसेक. ठाण्याचा लग्नगडी त्या यादीत नाही, बयाणाही नाही. तरी व्याख्या त्यांना पुरते. उचल रोख असो की धान्यात, लेखी असो की तोंडी, तिच्यापोटी माणसाची दुसरीकडे काम करायची मोकळीक गेली की ती वेठ. 1982 साली आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं: किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम हेही सक्तीचं काम, कारण भूक हीसुद्धा सक्ती आहे.

भट्टीवरून पळून आलेलं जोडपं तहसील कचेरीत उभं राहतं, श्रमजीवी संघटनेचे कार्यकर्ते सोबत असतात, तेव्हा सगळं भांडण एका शब्दावर येतं. जबाबात ‘मालकाचे पैसे अंगावर आहेत’ असं उतरलं तर तो उचल बुडवून पळालेला मजूर, आणि मालक फिर्यादी. ‘वेठबिगार’ असं उतरलं तर कायद्याच्या सहाव्या कलमानं ते देणंच संपतं, मुक्ततेचा दाखला मिळतो, आणि पंधराव्या कलमानं हे वेठीचं कर्ज नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर जाते. भट्टी तीच, विटा त्याच, वहीतले आकडेही तेच. कोण कुणाचं देणं लागतो, हे मात्र उलटं होतं.

भांडवलशाहीवर मोठमोठी पुस्तकं आहेत आणि ती वाचावीत. पण शहापूर-मुरबाडमध्ये तिच्याशी झगडायचं असेल तर सुरुवात जबाब लिहून घेणाऱ्या कारकुनापासून करावी लागते. तो सवयीनं ‘अंगावर बाकी’ लिहायला लागला की त्याचा हात तिथंच धरायचा, आणि त्या सहा महिन्यांत किती हजार विटा पडल्या, त्यांची मजुरी किती होते, हे आधी लिहा म्हणायचं. बाकी कुणाची निघते ते मग कळेल.